वास गेला तिथं वाटी

१

आमच्या घरातून सुकटीचा वास येतो, अशी लेखी तक्रार सोसायटीने मला दिली तेव्हा मी आधी हसले. सुकटीला सुकटीचाच वास येणार. मोगऱ्याचा आला असता तर मीच तक्रार केली असती.

मग राग आला, आणि चांगला सणकून आला. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती आमची, म्हणजे माझे सासरे भिवा केणे यांची. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, जिथे आज आमची लिफ्ट आहे तिथे भात व्हायचा आणि बांधापलीकडे मिठागर होतं. सासरे गेल्यावर बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट दिला. बिल्डिंगचं नाव इंग्रजी आहे आणि त्यात समुद्र आहे. समुद्र इथून दिसत नाही. खाडी आहे, ती ओहोटीला नाकाला कळते. त्या वासाबद्दल सोसायटीने अजून कुणाला पत्र लिहिलेलं नाही.

तक्रारीवर सही वल्लरीताईंची. त्या समोर ७०४ मध्ये राहतात, कमिटीच्या सेक्रेटरी आहेत. बाई वाईट नाहीत. पत्र शिपायाबरोबर न पाठवता स्वतः घेऊन आल्या.

"रुपाली, राग मानू नकोस. आमच्याकडे कुणी खात नाही गं. सकाळी अकराला पॅसेजमध्ये उभं राहवत नाही. तू खा, तुला कोण नको म्हणतंय? फक्त वास बाहेर येऊ देऊ नकोस."

एरवी मी ते पत्र त्यांच्यासमोर टराटरा फाडलं असतं. पण आत पलंगावर माझ्या सासूबाई झोपल्या होत्या. तुळसाबाई. मी त्यांना आईच म्हणते. टायफॉइडमधून उठल्या त्या अडतीस किलोच्या होऊन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधाचं काम झालं. आता पोटात अन्न जाऊ दे. जे जाईल ते द्या. नाही गेलं तर फार दिवस नाहीत."

दूध दिलं की ओकायच्या. मऊ भात तोंडातच फिरवत बसायच्या. एकच गोष्ट खाली उतरायची, तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेली सुकट. तव्यावर सुकट पडली, वास खोलीत गेला, की पलंगाची दांडी धरून उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "आन गो." त्या दोन शब्दांसाठी मी अख्ख्या सोसायटीशी भांडले असते. पण रोज दारात भांडण ठेवून आजारी माणूस बरं होत नाही, म्हणून ठरवलं की सुकट बंद होणार नाही, आणि वासाचा बंदोबस्त मी करीन. किचनचं काम नाहीतरी कधीपासून काढायचं होतं.

२

मी कल्याणला एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. सडक्या अंड्यांसारख्या वासात बावीस वर्षं काढली आहेत. वास म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. वास म्हणजे हवेतले कण. ते एका ठिकाणाहून निघतात आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतात. यात घाबरण्यासारखं काही नसतं.

माझा नवरा दिपेश दोह्याला आहे, एका कंपनीत क्रेन चालवतो. त्याने पाठवलेल्या पैशांतच काम बसवायचं होतं. तेव्हा ओटा तोडायचा नाही, आहे तोच काळा कडप्पा घासून घ्यायचा. कपाटांची दारं नवी करायची नाहीत, रंगवायची. टाइल्स कुणाच्या तरी कामातून उरलेल्या, दीड पेटी पांढऱ्या आणि एक पेटी पोपटी. गॅसमागच्या भिंतीवर दोन्ही रंग एकत्र आले तेव्हा भिंत सर्कशीतून आल्यासारखी दिसायला लागली, पण भरली. खर्च करायचा तो फक्त चिमणीवर, आणि तीही वापरलेली.

मिस्त्री दौलत, विठ्ठलवाडीहून यायचा. हात चांगला, तोंड सतत चालू.

"वहिनी, पाइप कुठे काढू? खिडकीतून काढला ना, तर वास सीधा ७०४ च्या बाल्कनीत. मग त्या परत पत्र देणार."

"मग?"

त्याने गॅसमागची भिंत बोटांनी ठोकत नेली. एका जागी आवाज बदलला. "ही पोकळ आहे. मागे डक्ट असेल. इथून सोडू, वर टेरेसला निघून जाईल."

"डक्ट तर बाथरूमच्या बाजूला आहे ना?"

"अहो, नकाशात एक असतं नि जागेवर दुसरं. किती बघितलंय मी."

मशीनने सहा इंची भोक पाडलं. आत किती जागा आहे बघायला त्याने हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. आणि पहिल्यांदाच त्याचं बोलणं थांबलं.

"काय रे?"

"काय नाय. आतून गुळगुळीत आहे." त्याने हात बाहेर काढला. "प्लास्टर नाय वाटत. बोटं फिरवल्यासारखं लागतंय, ओळीने. गावाला जमीन सारवतात ना, तसं."

त्याने तळवा माझ्यासमोर धरला. ओल्या शेणाचा वास होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. बांधकामाच्या वेळी लेबर लोक राहिले असतील, असं तो म्हणाला आणि मी हो म्हटलं. बिल्डिंगला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांपूर्वीचं सारवण ओलं कसं, हे मी विचारलं नाही. त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं आणि मला त्या दिवशी काम संपवून हवं होतं.

३

चिमणीने कमाल केली. रविवारी सुकट तव्यावर टाकून मी पॅसेजमध्ये गेले, लिफ्टपाशी उभी राहून लांब श्वास घेतला. काही नाही. वल्लरीताईंनी दार उघडून मला हुंगताना पकडलं आणि मनापासून म्हणाल्या, "अगं, अजिबात येत नाही. काय छान झालं!"

मी विजयी मुद्रेने ताट घेऊन आत गेले. आई झोपूनच होत्या.

"आई, उठा. सुकट आहे."

"कुठं हाय?"

"ही काय समोर."

त्यांनी ताटावर नाक नेलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फसवते आहे असं त्यांना वाटलं, आणि ती नजर मला लागली. "याला वास नाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मी ताट नाकाला लावलं. वास कमी नव्हता. वास नव्हताच. खाऊन पाहिलं तर मीठ कळलं, तिखट कळलं, बाकी पुठ्ठा.

पहिली शंका मी माझ्या नाकावर घेतली. उदबत्ती लावली, तिचा वास आला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अमोनियाची बाटली उघडली, डोळ्यांतून पाणी काढलं. नाक ठणठणीत. घरी येऊन हिंगाचा डबा उघडला तर घर भरून वास. तोच हिंग गरम तेलात टाकला आणि वाट बघत उभी राहिले. तेल तडतडलं, हिंग फुलला, वास नाही. लसूण करपेपर्यंत ठेवला. तोही काळा झाला, मुकाट.

चिमणी फार ओढते, एवढंच असणार. मी बटण बंद केलं, प्लगही काढला आणि टिश्यू पेपर जाळीखाली धरला. तो वर उडाला आणि जाळीला चिकटून थरथरत राहिला. उंच पोकळीत हवा आपोआप वर चढते, हे पुस्तकात आहे. मी स्टूलवर चढून पाइप काढला आणि दुसरा टिश्यू थेट भोकापाशी नेला. तो वर गेला नाही. आडवाच आत गेला, माझ्या बोटांतून सुटून. कुणी ताटातला घास उचलावा तसा.

भोकावर जाड चिकटपट्टी लावली. सकाळी पट्टी नव्हती. दौलतला फोन केला तर तो मोहन्याला मोठ्या कामावर गेलेला. "आठ दिवसांनी येतो वहिनी, घाई आहे काय?"

आई तीन दिवसांत दीड किलोने उतरल्या होत्या.

४

हॉलमध्ये शेगडी लावली, तरी तेच. वल्लरीताईंच्या घरातून उपमा मागून आणला. तो आमच्या उंबऱ्याबाहेर घमघमत होता आणि उंबऱ्याच्या आत आला की नाही. मी दारात ताट आत-बाहेर करत उभी होते. कुणी बघितलं असतं तर पत्र नाही, डॉक्टरच पाठवला असता.

आईंनी ते पलंगावरून बघितलं. आवाज अगदी बारीक झाला होता त्यांचा.

"वास जातोय कोनाकडे?"

"कुणाकडे नाही. डक्टमध्ये."

"कोनीतरी घेतंय गो. ज्याला वास गेला त्याला वाटी गेली पायजे. आपले गावात सुकट भाजली की आजूबाजूला वाटी जावाची. कोन भुकेला असल, कोन पोटुशी असल. त्याला नुसता वास पाठवायचा नाय. नाय तर खाल्लेला अंगाला लागत नाय."

माझ्या माहेरीही हे होतंच. ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत बोंबील तळले की आई मला वाटी देऊन चार दारं फिरवायची. ती शेजारधर्माची गोष्ट होती. भोकात वाटी ठेवणं ही डोकं फिरल्याची गोष्ट होती. हे मला नीट कळत होतं आणि तरी मी वाटी भरली. पुढ्यात माणूस विझत असलं की अक्कल थोडा वेळ बाजूला बसते. आमच्या सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं आहे, तुळसा भिवा केणे. तशीच एक स्टीलची वाटी सुकटीने भरून भिंतीच्या भोकात ठेवली आणि कामावर गेले.

दुपारी आले तेव्हा वाटी तिथेच होती. राखेने घासलेली, लख्ख. आत चिमूटभर जाडं मीठ.

वाटी रिकामी परत करू नये, एवढी रीत आपल्यात सगळ्यांना ठाऊक असते. साखर घालतात, तांदूळ घालतात, काही नसलं तर मीठ. मला पहिला विचार काय आला, तर माणसं वळणाची दिसतात. नंतर मी वाटी ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले.

पण कढई गॅसवर ठेवली, लसूण टाकला, आणि वास आला. घरभर आला. आतून आवाज आला, "आन गो." मी तिथेच ओट्याला टेकून रडले.

५

पुढचे दिवस मी रोज सकाळी वाटी ठेवली. रोज ती मीठ घेऊन परत आली. आई दीड भाकरी खायला लागल्या, मग दोन. भिंत धरून चालायला लागल्या. दौलतचा फोन आला, "येऊ काय उद्या?" मी म्हटलं, नको. माझी चूक म्हणायची तर ती हीच. चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये, असं मला वाटलं.

मीठ मी बेसिनमध्ये ओतत होते. नंतर कळलं की आई त्यातलं थोडं आधीच काढून बरणीत भरत होत्या आणि स्वतःच्या जेवणात घेत होत्या. "मिठागराचा मीठ हाय," त्या म्हणाल्या. "असा मीठ कुठं मिलतं आता?"

एवढं चाललं होतं तरी माझं डोकं स्वस्थ नव्हतं. भिंतीपलीकडे बी विंग येते. तिथल्या कुणाच्या स्वयंपाकघरात असंच भोक असेल, कुणी म्हातारी असेल, गंमत चालवली असेल. एका दुपारी टेप घेऊन मी बी विंगच्या सातव्या मजल्यावर गेले. माझ्या गॅसच्या बरोबर पाठीमागे त्यांचं देवघर निघालं. भिंत सलग, कुठे चीरसुद्धा नाही. दोन्हीकडच्या खिडक्यांपासून मापं घेतली, भिंतींची जाडी वजा केली. मधली पोकळी चार इंचांची निघाली.

दौलतचा हात खांद्यापर्यंत गेला होता. मी परत मोजलं. चारच.

त्या दिवशी घरी आले तेव्हा भोकात आमच्या वाटीशेजारी दुसरी होती. जर्मनची, चेपलेली, रिकामी. मी दोन्ही भरल्या. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे एक पितळी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नारळाची करवंटी, कडेने घासून गुळगुळीत केलेली. सहा इंची भोकात एकामागे एक ओळ लागली होती, आत जाणारी, आणि मला हात घालून शेवटच्या वाटीपर्यंत पोचता येत नव्हतं. मी पाव किलोच्या जागी अर्धा किलो सुकट आणायला लागले. मासळीवाली दर्शना म्हणाली, "काय वहिनी, घरात कार्य आहे काय?"

६

गुरुवारी सव्वाअकराला कॉलेजातून आले. कुलूप उघडलं तेव्हा घरात कसलाच वास नव्हता. उदबत्तीचाही नाही, फिनेलचाही नाही.

आई किचनमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात चार-चार बांगड्या. सासरे गेल्यापासून यातलं काही त्यांनी अंगाला लावलं नव्हतं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी या बाईला मी कुशीवर वळवत होते.

"आवतण आलंय," त्या म्हणाल्या.

गॅसच्या तिन्ही बर्नरवर हळद लावलेले तांदूळ होते आणि प्रत्येक ढिगावर एक सुपारी. भोकात नाही, ओट्यावर नाही. बर्नरवर.

"हे कुणी ठेवलं? तुम्ही?"

"मी कशाला ठेवू? चुलीवर अक्षता ठेवल्या म्हंजे चूलबंद. घरातल्या सगल्यांनी जेवाला जायाचा, घरात चूल पेटवायाची नाय." त्या अगदी समजुतीने सांगत होत्या, जसं नव्या सुनेला सांगतात. "आपुन त्यांना रोज घातला. आता त्यांनी बोलावला तं गेला पायजे. आवतण मोडत नाय."

"जायचं कुठे?"

त्यांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दिपेश. मी बाहेरच्या खोलीत जाऊन घेतला, म्हटलं यांच्यासमोर नको.

"काय गं, आई कशीय?"

"बरी आहे. तू जेवलास?"

"नाश्ताच नाही केला. आज कॅन्टीनमध्ये काय झालंय कळत नाही. कशालाच वास नाही. मला वाटलं मलाच सर्दी झालीय. आणि झोप येतेय यार, उभ्या उभ्या."

घरातल्या सगळ्यांनी. आमच्या घरात माणसं तीन. मी फोन कानाला धरून उभी होते आणि मला स्वयंपाकघरातून पाणी ओतल्याचा आवाज आला. नळाचा नाही. तांब्यातून हळूहळू, थांबून थांबून.

"क्रेनवर चढू नकोस," मी ओरडले. "कळलं? खाली बस आणि माझ्या फोनची वाट बघ."

७

आई स्टूलवर उभ्या होत्या. उजवा हात खांद्यापर्यंत भोकात होता, गाल टाइल्सना चिकटलेला. चेहरा हसरा.

"हातावर पानी घालतंत," त्या म्हणाल्या. "बस म्हनतंत."

मी त्यांना कमरेला धरून ओढलं. क्षणभर वाटलं की ओढणारी मी एकटी नाही. मग हात सुटून आला. कोपरापासून बोटांपर्यंत निथळत होता. त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्याच रागात स्टूलवर चढून भोकाला डोळा लावला. मला बघायचं होतं. माझ्या घरात, माझ्या भिंतीत कोण आहे ते मला बघायचंच होतं.

आत अंधार असायला हवा होता. आत ऊन होतं. दुपारचं, कडक. खाली सारवलेली जमीन होती, बोटांच्या ओळी दिसाव्यात इतकी जवळ, आणि ती लांबवर गेली होती. तिच्यावर पंगत बसलेली. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. कुणी जेवत नव्हतं, थांबले होते. त्यांच्या पुढे, फार पलीकडे, काहीतरी पांढरं पसरलेलं होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. अलीकडच्या टोकाला तीन पानं वाढून तयार होती. एका पानाशी आमची वाटी होती. नाव वाचता आलं.

शेवटच्या पाठीने मान वळवायला सुरुवात केली.

मी डोळा काढला. हाताला लागला तो ओट्यावरचा लाकडी पोळपाट. तो उचलून मी भोकावर धरला आणि आतून जी ओढ होती तिनेच तो असा बसवला की माझे हात सोडले तरी हलेना.

"ओढतोस ना?" मी म्हणाले. "ओढ. जेवढा ओढशील तेवढं दार घट्ट."

मला माहीत आहे, भिंतीशी बोलणारी बाई कशी दिसते. पण त्या वेळी मला भीतीपेक्षा संताप जास्त होता. आधी समोरच्यांनी सांगायचं, वास बाहेर येऊ देऊ नका. आता आतल्यांनी सांगायचं, चूल पेटवू नका. जमीन गेली, मिठागर गेलं, भाताचा वास गेला. एक चूल राहिली आहे, तीसुद्धा दुसऱ्याच्या सांगण्यावर? कुणाच्याही? आपल्यातल्यांच्यासुद्धा?

मी लायटर घेतला.

"अक्षता काढ गो आधी," आई कळवळून म्हणाल्या. "जालू नको. पाप लागंल."

"लागू दे. माझ्या नावावर लावा."

बटण फिरवलं, लायटर दाबला. ज्योत आली आणि पोळपाटाकडे वाकली. विझली. परत लावली. परत विझली. पोळपाटाच्या मागे टक् टक् व्हायला लागलं, वाट्या एकमेकींवर ठेवाव्यात तसं. घाईचं नाही, शांतपणे. तिसऱ्यांदा मी गॅस मोठा केला आणि ज्योतीवर दोन्ही हातांचा आडोसा धरला. तळवे भाजले. धरून ठेवले. पिवळे तांदूळ तडतडले, काळे पडले, सुपारी तडकली.

आणि करपल्याचा वास आला. घाणेरडा, घशात जाणारा, डोळे झोंबणारा. इतका सुंदर वास मी आयुष्यात घेतला नाही.

मागचं टक् टक् थांबलं.

मी तवा ठेवला, होती नव्हती ती सगळी सुकट त्यावर ओतली. खिडक्या उघडल्या. मग जाऊन घराचं दार सताड उघडलं आणि त्याला चप्पल लावून ठेवली.

८

दोन मिनिटांत वल्लरीताई दारात. नाकाला पदर. "रुपाली, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

"वास आला तुमच्यापर्यंत?"

"आला म्हणजे काय! लिफ्टमध्ये आलाय!"

"मग ही घ्या." मी वाटी पुढे केली.

"अगं, आम्ही खात नाही."

"खाऊ नका. नुसती घ्या. वास गेला तिथं वाटी गेली पाहिजे." माझे तळवे लाल झाले होते आणि आवाजही बरा नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे हिरव्या लुगड्यातल्या आईंकडे पाहिलं, आणि दोन बोटांत धरून ती वाटी नेली. त्या मजल्यावरच्या चारही घरांत मी वाटी दिली. वास जिवंत माणसांना गेला होता, त्यांनाच पोचवला.

आईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत, दोन दिवस. अक्षता जाळणं त्यांनी मनाला लावून घेतलं. दिपेशचा मेसेज आला, "कॅन्टीनला परत गेलो. चार पराठे हाणले. तू एवढी घाबरलीस कशाला?"

दुसऱ्या दिवशी वल्लरीताईंनी वाटी परत आणली. घासलेली, आत काहीतरी पांढरं, खडेदार. मी त्यांच्यासमोरच बोटाला लावून चाखलं. त्या बघत राहिल्या. साखर होती. मी त्यांना मिठीच मारली, आणि त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या.

दौलत येऊन भोक बुजवून गेला. पोळपाट त्याला निघाला नाही. पहार लावली तरी निघाला नाही. शेवटी त्यावरच विटा, सिमेंट आणि उरलेल्या पोपटी टाइल्स बसवल्या. चिमणी मी भंगारात दिली. बरणीतलं मीठ खाडीत सोडून आले.

अजूनही सकाळी गॅस पुसताना बर्नरखाली कधी एखादा पिवळा दाणा सापडतो. मी तो उचलत नाही. त्याच्यावरच गॅस पेटवते. रोज, अकराच्या आत. मला कॉलेज असलं तर आई पेटवतात. त्या आता माझ्याशी बोलतात, आणि पंचेचाळीस किलोच्या आहेत.

गेल्या आठवड्यात कमिटीचं दुसरं पत्र आलं. या वेळी सह्या सात, वल्लरीताईंची त्यात नाही. मी लगेच उत्तर लिहिलं आणि एक प्रत लिफ्टमध्ये चिकटवली. ते असं:

"आपलं पत्र मिळालं. ७०३ मधून रोज अकराला सुकटीचा वास येईल. येतच राहील. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मात्र पत्र लिहीत बसू नका. दार फोडून आत या. येताना काडेपेटी आणा."